क्लब सभासदांच्या नावावर हवा

पतसंस्था आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय. बोईसर, पास्थळ, चिंचणी, पालघर इथल्या संस्थांची दप्तरे माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे फुटबॉल बघतानाही लक्ष भलतीकडे जाते. मुलीच्या नादाने मी पोर्तुगालच्या लीगचे सामने बघू लागले. कोणी कुठल्या पायाने गोल मारला हे तिला पाठ असते. मी विचारते, या क्लबाचे सभासद किती, अध्यक्ष कोण निवडतो, आणि पैसे देणारा उद्या उठून गेला तर मागे काय उरते? यातला शेवटचा प्रश्न आमच्या तारापूर एमआयडीसीच्या पट्ट्यात रोजचा आहे. त्याचे उत्तर लिस्बनच्या एका जुन्या क्लबाने देऊन ठेवले आहे.

त्या लीगचा २०२१-२२ चा हंगाम लोकांना आठवतो तो पोर्तोसाठी. त्यांनी ९१ गुण मिळवून विजेतेपद घेतले. मला आठवतो तो अठरा संघांत अठरावा आलेला बी-एसएडी. २७ नोव्हेंबर २०२१ ला हा संघ बेनफिकासमोर नऊच खेळाडू घेऊन उतरला, बाकीचे कोविडमुळे अडकले होते. नवांपैकीही दोघे गोलकीपर. मध्यंतराला सात गोल चढले होते. दुसऱ्या सत्रासाठी सात जण परतले, त्यातला एक मैदानावरच बसला, आणि सातपेक्षा कमी उरल्यामुळे पंचांनी सामना थांबवला. साथीचा दोष कोणाच्या माथी मारता येत नाही. पण हा संघ साथीच्या आधीच पोरका झाला होता. त्याला स्वतःचे मैदान नव्हते, बोधचिन्ह नव्हते आणि धड नावही नव्हते.

हे सगळे एकेकाळी बेलेनेन्सेस या क्लबाचे होते. वास्को द गामाची गलबते जिथून निघाली त्या लिस्बनच्या बेलें भागातला हा १९१९ चा क्लब. त्याच्या बोधचिन्हावर जो क्रूस आहे तोच पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर असे, आणि ती शिडे आमच्या किनाऱ्याने दोनशे वर्षे पाहिली. तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेने जानेवारी १७३९ मध्ये घेतला तो त्यांच्याकडूनच. असो. बेलेनेन्सेसने १९४५-४६ ची लीग जिंकली होती. बेनफिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग या तिघांखेरीज हा मान आजवर फक्त बोआविस्ताला मिळाला आहे, तोही २०००-०१ मध्ये.

पोर्तुगालमध्ये व्यावसायिक लीगमध्ये खेळायचे तर संघासाठी कंपनी काढावी लागते. क्लब सभासदांचा राहतो, संघ कंपनीचा होतो. बेलेनेन्सेसच्या कंपनीचे बहुतांश समभाग २०१२ मध्ये एका गुंतवणूकदाराकडे गेले. पुढे दोघांचे बिनसले, २०१८ च्या जूनमध्ये करार संपला आणि कंपनीचा संघ क्लबाचे रेस्तेलोचे मैदान सोडून गेला. जाताना तो पहिल्या श्रेणीतली जागा घेऊन गेला. सभासदांकडे मैदान उरले आणि सभासदांची यादी उरली.

त्या यादीच्या जोरावर त्यांनी जे केले त्याला तोड नाही. त्यांनी नवा संघ उभा केला आणि त्याची नोंद लिस्बन जिल्ह्याच्या सर्वांत खालच्या, म्हणजे देशाच्या सहाव्या श्रेणीत केली. एके काळचे राष्ट्रीय विजेते गल्लीतल्या संघांशी खेळू लागले, आणि लोक ते बघायला आले. कोर्टाने कंपनीला जुने नाव आणि बोधचिन्ह वापरायला मनाई केली. बी-एसएडी हे कोरडे नाव त्यातून आले. सभासदांचा संघ एकेक पायरी चढत राहिला. कंपनीचा संघ २०२२ मध्ये पहिल्या श्रेणीतून उतरला. २०२३ च्या उन्हाळ्यात सभासदांचा संघ दुसऱ्या श्रेणीत पोचला आणि कंपनीचा संघ नेमका तिथूनच खाली गेला. पुढच्या वर्षी बेलेनेन्सेस पुन्हा तिसऱ्या श्रेणीत घसरले खरे, पण क्लब चालू आहे.

आता आपल्याकडे बघू. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ बंद झाला. मुंबई एफसी २०१७ मध्ये गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. या संघांसाठी स्टँडमध्ये ओरडून घसा बसवणाऱ्या माणसांना कोणी विचारले नाही, कारण विचारावे असा त्यांचा कागदोपत्री काही हक्कच नव्हता.

बोईसरमध्ये हे मी जवळून पाहिले. एका कारखान्याने काही वर्षे मुलांचा संघ चालवला. जर्सी, जाळ्या, कोन, आठवड्यातून तीनदा येणारा प्रशिक्षक, सगळे होते. ओरिसा-झारखंडहून आलेल्या कामगारांची मुले, वारली पाड्यांवरची मुले आणि कॉलनीतली मुले एकत्र खेळत. मग वरचा अधिकारी बदलला आणि खर्चाचे ते शीर्षकच बंद झाले. पालकांपैकी कोणी तरी माझ्याकडे आले, काही करता येईल का म्हणून. मी दप्तर मागितले. दप्तर नव्हते. पावतीपुस्तक, ठराव, बँकेचे खाते, काहीच नव्हते. सामानाची यादी होती, तीही कंपनीच्या शिक्क्याची. टेम्पो आला आणि जाळ्यासुद्धा सोडून नेल्या. मैदानावर आता ट्रक उभे राहतात.

त्या कारखान्याने पैसे दिले याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. चूक रचनेत होती. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ठरावीक नफा किंवा उलाढालीवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण त्या यादीत आहे. तारापूरच्या मोठ्या कारखान्यांना हे लागू होते. पण हा पैसा घ्यायला समोर नोंदणीकृत संस्था लागते. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला सात माणसे पुरतात. सात माणसे बोईसरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर सापडतील.

सभासदांचा क्लब आपोआप स्वच्छ राहतो असे मी म्हणणार नाही. माझा धंदाच तसे म्हणू देत नाही. पोर्तोत पिंतो द कोश्ता १९८२ पासून ४२ वर्षे अध्यक्ष होते आणि नोव्हेंबर २०२३ च्या सर्वसाधारण सभेत विरोधी सभासदांना मारहाण झाली. साखर कारखान्यांच्या सभा पाहिलेल्या माणसाला ते चित्र ओळखीचे वाटेल. पण पाच महिन्यांनी त्याच सभासदांनी मतदान करून आंद्रे व्हियाश-बोआश यांना सुमारे ८० टक्के मतांनी निवडून दिले. बेनफिकाच्या २०२५ च्या निवडणुकीत पहिल्या फेरीतच ८५ हजारांवर सभासदांनी मत दिले. मालकाच्या संघात मारामारीची वेळ येत नाही, तशी मतपेटीचीही येत नाही.

सहकार आपल्या हाडीमाशी मुरलेला आहे. दूध, ऊस, कर्ज, घर या सगळ्यांसाठी आपण भाग घेतले, सभा भरवल्या, भांडलो, मते दिली. खेळाचा क्लब मात्र आपण साहेबाच्या मर्जीवर सोडला. म्हणून बोईसर-पालघरच्या पालकांना माझे सांगणे आहे: पुढचा प्रायोजक शोधण्याआधी संस्था नोंदवा. वर्गणी इतकी ठेवा की कंत्राटी कामगारालाही सभासद होता येईल. घटनेत तीन गोष्टी लिहा: पदाधिकाऱ्याला दोनपेक्षा जास्त मुदती नाहीत, वर्षाचे हिशेब तपासून सभेपुढे येतील, आणि देणगीदाराचे नाव जर्सीवर जाईल पण सामान, खाते व नाव संस्थेचेच राहील. मैदानासाठी एमआयडीसीकडे अर्ज करायचा तो याच नावाने. पहिल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण मी विनामूल्य करीन.