राशन किट पोहोचते, लाईट बिलाचे काय?

रमजानमध्ये मुंब्रा-कौसा, कल्याण, भिवंडीत आपली तरुण मंडळी ज्या शिस्तीने राशन किट वाटतात, ती पाहून आमच्या ऑफिसातले प्रोजेक्ट मॅनेजर लाजतील. एक्सेल शीट, टोकन, कोणत्या गल्लीत किती घरे, सगळे चोख. पण राशनने घर महिनाभर निभावते, सावरत नाही. घर मोडते ते बहुतेक दोन गोष्टींनी : डिपॉझिट-भाडे आणि लाईट बिल. या दोन्हींसाठी आपल्याकडे ना शीट आहे, ना टोकन.

मदत मात्र आहे. थोडी कायद्यात, थोडी सरकारी योजनांत, थोडी आपल्याच जकातीत. ती दारापर्यंत येत नाही, कारण कागद वाचून खिडकीपर्यंत सोबत जाणारा माणूस नसतो. तो माणूस होण्याइतके शिक्षण आपल्या पिढीकडे आता आहे.

विजेचे बघू. चाळीत किंवा बैठ्या घरात एकाच मीटरवर तीन-चार बिऱ्हाडे असतात. घरमालक सब-मीटर लावतो आणि युनिटमागे एक ठरावीक दर घेतो. तो लुबाडतोच असे नाही. त्याचेच बिल फुगलेले असते. का, ते साध्या गणितात दिसते. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो : पहिली 100 युनिटे स्वस्त, 101 ते 300 चा दर त्याच्या दुपटीहून अधिक, 301 च्या पुढे जवळपास तिप्पट. चार बिऱ्हाडे महिन्याला 90-90 युनिटे वापरतात असे धरा. चौघांचे वेगळे मीटर असते तर सगळी युनिटे पहिल्या टप्प्यात बसली असती. एकाच मीटरवर ती 360 होतात आणि वीज आकार जवळपास दुप्पट होतो. चार मीटरांचा स्थिर आकार चार वेळा भरावा लागेल, हे खरे. तरीही वेगळे मीटरच स्वस्त पडतात. म्हणजे एक पंखा आणि दोन बल्ब वापरणारे घर एसीवाल्या फ्लॅटच्या टप्प्यातला दर भरते. गरिबांसाठी ठेवलेली सवलत दरपत्रकात आहे, फक्त त्यांच्या खोलीत पोहोचत नाही.

भाडेकरूला स्वतःच्या नावावर मीटर मिळतो का? मिळतो. वीज कायदा 2003 चे कलम 43 जागेच्या मालकाला किंवा ताबेदाराला वीज द्यायला सांगते. घरमालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात स्पष्ट केले. प्रकरण महाराष्ट्रातलेच होते. अर्थात खिडकीवरचा कर्मचारी ना-हरकत मागणारच. तिथे निकालाची प्रत आणि ताब्याचा पुरावा घेऊन शांतपणे उभा राहणारा कोणीतरी हवा. खोली स्वतंत्र आहे, दरवाजा वेगळा, चूल वेगळी, हेही दाखवावे लागू शकते.

दुसरी भीती वीज तोडण्याची. थकबाकीसाठी पुरवठा तोडायचा तर कलम 56 नुसार पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलच चुकीचे वाटत असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरता येते आणि वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. या एका ओळीने किती घरांतला अंधार टळला असता! पण ती ओळ बिलावर मोठ्या अक्षरात कोणी छापत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल, अशी वाट आहे. भिवंडीत 2007 पासून आणि मुंब्रा-कळवा-शीळ भागात 2020 पासून खासगी कंपनी फ्रँचायझी म्हणून वीज वाटते, म्हणून तिथले दर वेगळे असतील असे टपरीवर ऐकू येते. दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते महावितरणचेच असतात. तक्रारीची वाटही तीच.

थकबाकीच्या सवलती येतात आणि जातात. 31 मार्च 2024 पर्यंत कायमची वीज तुटलेल्या ग्राहकांसाठी महावितरणने अभय योजना आणली होती : व्याज आणि विलंब आकार माफ, मूळ रकमेचे 30 टक्के भरून उरलेले हप्त्यांत. अशी योजना पुढच्या वेळी जाहीर झाली की त्या आठवड्यात मोहल्ल्यातली तुटलेली मीटरे कोण मोजणार, हे आधीच ठरलेले असावे.

आता घर. मुंब्र्यात ‘हेवी डिपॉझिट’ची चाल आहे. दोन-चार लाख एकरकमी द्यायचे, भाडे नाही किंवा नावापुरते. गावची जमीन, बायकोचे दागिने, आखातातल्या भावाचे पैसे, सगळे त्या रकमेत असते. आणि कागद? बऱ्याचदा स्टॅम्प पेपरवर सही, नोंदणी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चे कलम 55 सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेणे ही घरमालकाची जबाबदारी. त्याने ती केली नसेल तर करारातल्या अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. याच कायद्याचे कलम 29 भाडेकरूचे पाणी-वीज तोडायला घरमालकाला मनाई करते. पैसे बुडाले किंवा नळ बंद झाला की लोक आधी ‘भाई’कडे जातात, मग नगरसेवकाकडे. ठाण्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. एकट्या राहणाऱ्या, विधवा किंवा तलाकपीडित बहिणींना हे कोणी सांगितले आहे का?

नोंदणीकृत करार म्हटला की लोक खर्च मोजतात. पण त्याच एका कागदावर वीज मीटरचा अर्ज, पत्त्याचा पुरावा आणि उद्या लागली तर कोर्टातली बाजू, सगळे उभे राहते.

स्वस्त घराची दुसरी किंमतही इथल्या लोकांनी मोजली आहे. 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडची बेकायदा इमारत कोसळून 74 माणसे गेली. बांधकाम चालू असतानाच तिथे बिऱ्हाडे राहायला आली होती, कारण त्यांना परवडणारे तेच होते. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून 65 इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. तिथे घरे घेणारे लोक अडाणी नव्हते. त्यांनी रेरा नंबर पाहिला होता. तेव्हा टोकन देण्याआधी पालिकेच्या नगररचना विभागात परवानगी तपासायची. भाड्याने राहायचे असेल तर पावसाळ्याआधी पालिका जाहीर करते ती धोकादायक इमारतींची यादी पाहायची. सी-1 म्हणजे अतिधोकादायक. अशा इमारतीतून बाहेर पडावेच, पण आपल्या खोलीचे मोजमाप पालिकेकडून लेखी घेऊन.

म्हाडा आणि पंतप्रधान आवास योजनेवर मी फार भर देणार नाही. कोकण मंडळाची कल्याणजवळ खोणी, शिरढोणला घरे आहेत, सोडत निघते, अर्ज जरूर करावा. पण पगाराची स्लिप नसलेल्या रिक्षावाल्याला बँक कर्ज देत नाही, आणि व्याजाचा प्रश्न आपल्या अनेक घरांत खरोखरीचा आहे. दुसरीकडे कल्याण-डोंबिवली पालिकेने शहरी गरिबांसाठी बांधलेली बीएसयूपीची घरे वर्षानुवर्षे रिकामी पडून राहिली. याचा जाब कागदोपत्री, माहिती अधिकारातून विचारला पाहिजे, आणि तोही आपणच.

राहिली जकात. सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत जकातीचे जे हकदार सांगितले आहेत त्यांत कर्जात बुडालेलेही आहेत. तीन महिन्यांचे भाडे थकलेला माणूस कर्जदार नाही तर कोण? रक्कम कोणाच्या हातात आणि कशी द्यायची, हे आपल्या मुफ्तींना विचारून घ्या. पण डिपॉझिटसाठी मला कर्ज-ए-हसना अधिक योग्य वाटते. कारण राशन संपते, डिपॉझिट खोली सोडताना परत येते. करार नोंदवलेला असेल तर तोच पैसा पुढच्या घराला देता येतो. म्हणजे करार नोंदवणे ही अशा निधीची पहिली अट हवी आणि नोंदणीचा खर्च निधीनेच उचलावा.

हे करायला संस्था लागत नाही. रविवारी सकाळी मशिदीच्या किंवा शाळेच्या एका खोलीत टेबल, प्रिंटर आणि दोन-तीन पदवीधर पुरेत, त्यांतली एक मुलगी असावीच. बायका बिल घेऊन तिच्याकडेच येतील. येणाऱ्याने मागच्या सहा महिन्यांची बिले आणि करार आणायचा. पहिले बघायचे ते बिल कोणाच्या नावावर आहे, आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे. तो जुन्या मालकाचा असेल, तर बिलाचा आणि थकबाकीचा प्रत्येक मेसेज आजवर त्याच्याच फोनवर जात आला आहे.