घरचे आरोग्य : सिकलसेलचे औषध पारखताना

गडचिरोली-नंदुरबारकडच्या वाचकांना सिकलसेल नवा नाही. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. आई आणि बाप, दोघांकडून दोष आला तरच मुलाला हा आजार होतो. सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी आपल्या लेकाचेही रक्त तपासून घ्यावे!

यावर हायड्रॉक्सियुरिया हे जुने, भरवशाचे औषध. अमेरिकेत २९९ प्रौढ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. साधारण निम्म्यांना औषध, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी; कोणाला काय मिळते हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. १९९५ साली निकाल छापून आला. औषधवाल्यांच्या कळा जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या.

वॉक्सेलोटॉरचे उलटे झाले. त्याने हिमोग्लोबिन वाढे, म्हणून २०१९ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पुढच्या अभ्यासांत मात्र कळा आणि मृत्यू अधिक दिसले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच ते मागे घेतले.

तुमच्या मुलाला कोणी अशा चाचणीत घेऊ म्हटले, तर संमतिपत्र मराठीत वाचून घ्या. मधूनच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे. आणि हायड्रॉक्सियुरिया चालू असेल, तर पांढऱ्या पेशी घटू शकतात. पेरणीच्या घाईतही रक्ततपासणीची तारीख चुकवू नका.