उपाहारगृहातील यंत्राची वाणी

हिमायतनगरच्या हमरस्त्याने सायंकाळी फेरफटका मारावा, तो उपाहारगृहांच्या दारी माणसांची दाटी दिसते. पूर्वी वाढपी गिऱ्हाइकाची मागणी तोंडपाठ ठेवी व भटारखान्याच्या दाराशी जाऊन खड्या आवाजात पुकारी. आता अनेक ठिकाणी त्याच्या हाती चपटे टॅब्लेट असते. त्यावर बोट टेकताच मागणी आचाऱ्यापुढील पडद्यावर उमटते अथवा चिठ्ठीवर छापून निघते. बिलाचा हिशेबही तेच सॉफ्टवेअर करते.

या यंत्राचे रूप आणि त्याची भाषा म्हणजे केवळ सजावट, असे पुष्कळांना वाटते. मला हे मत मान्य नाही. दुकानाच्या पाटीने गिऱ्हाईक येते. परंतु पडद्यावरील अक्षराने आत राबणाऱ्या माणसाचे काम सुकर होते किंवा बिघडते.

आपल्या शहरातील भटारखान्यात तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी बोलणारी माणसे खांद्याला खांदा लावून राबतात. तेथे वाफ असते, धूर असतो, घाई तर असतेच. अशा ठिकाणी बारीक इंग्रजी अक्षरांत ‘कांदा नको’ ही सूचना आली आणि ती वाचली गेली नाही, तर बोल कोणाला लागतो? यंत्राला नव्हे, आचाऱ्याला.

निव्वळ रंगावर विसंबणेही योग्य नव्हे. काहींना लाल, हिरवा, तपकिरी हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणूनच २०२० च्या नियमांनी बंद पुड्यांवरील मांसाहाराच्या खुणेत तपकिरी वर्तुळाऐवजी त्रिकोण आणला. शाकाहाराचे हिरवे वर्तुळ कायम राहिले. आता रंग न कळला तरी आकार कळतो. पडद्यावरील खुणांनाही हाच न्याय लावावा.

कोणी म्हणेल, इतक्या भाषांचा खर्च कोणी सोसावा? परंतु अक्षरांची उणीव आता उरलेली नाही. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ ही देवनागरी अक्षरमाला घडविली. तेलुगू व उर्दूही संगणकावर सुखेनैव लिहिता येतात. प्रत्येक पडद्यावर सर्व भाषा हव्यात असेही नाही. ज्याचा पडदा, त्याची भाषा, एवढे पुरे. वाया गेलेल्या ताटांचाही खर्च असतोच.

वाणीत सौजन्य हवे, तसा सचोटीचाही गुण हवा. ‘चूक’ असे लाल अक्षरांत ओरडण्यापेक्षा ‘किती ताटे, ते लिहावयाचे राहिले’ असे सांगणारे यंत्र अधिक उपयोगी. तीच गोष्ट बिलाची. सेवाशुल्क बिलात आपोआप जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. जी रक्कम ऐच्छिक आहे, ती बारीक अक्षरांत दडवून वसूल करणारी प्रणाली दिसावयास कितीही सुबक असो, ती अप्रामाणिकच होय.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या अशी यंत्रे घडवतील. पडद्याचे चित्र रेखाटण्यापूर्वी एखाद्या भटारखान्यात ऐन गर्दीच्या वेळी तासभर उभे राहा, आणि तेथील माणसे एकमेकांशी कोणत्या शब्दांत बोलतात ते कान देऊन ऐका. तेच शब्द यंत्राच्या तोंडी घाला.