निकालाखालची सही वाच

परवा अभ्यासवर्गात एका पोरानं मला ऐकवलं, "सरकार उलटलं तरी कोर्ट आहे ना! अमेरिकेत १८०३ पासून कोर्टच कायदेमंडळाला वेसण घालतंय." मी म्हटलं, गड्या, अर्धंच पान वाचलंस. उलट ते.

१८०३. मार्बरी विरुद्ध मॅडिसन. जाता जाता जुन्या अध्यक्षानं मार्बरीला मॅजिस्ट्रेट नेमलं. नेमणुकीच्या कागदावर मोहर मारली परराष्ट्रमंत्री जॉन मार्शलनं. कागद पोचवायचा राहिला तोही त्याच्याच खात्याकडून. आणि खटला ऐकायला सरन्यायाधीश कोण? तोच मार्शल! मार्बरीचा हक्क खरा, म्हणाला. हातात मात्र काही दिलं नाही. पण संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवायचा अधिकार कोर्टाच्या पदरात पाडून घेतला. घटनेत तो स्पष्ट शब्दांत कुठंच नव्हता. हा मार्शल स्वतः गुलामांचा मालक.

संसदेच्या कायद्यावर ही तलवार पुन्हा कधी चालली? ५४ वर्षांनी, १८५७ ला. कुणावर? ड्रेड स्कॉट या काळ्या गुलामावर. तो म्हणत होता, मालकानं मला गुलामगिरी नसलेल्या मुलखात ठेवलं, म्हंजे मी मोकळा. कोर्ट ७ विरुद्ध २ मतांनी म्हणालं, तू नागरिकच नाहीस, इथं दाद मागायची नाही. वर १८२० च्या कायद्यानं काही मुलखांत गुलामगिरीला घातलेली बंदीही मोडली. कशापायी? मालकाची मालमत्ता बुडते म्हणून! माणूस म्हंजे मालमत्ता! ९ पैकी ५ न्यायमूर्ती गुलामगिरीच्याच राज्यांतले.

कुणी म्हणेल, कोर्ट गरिबाच्या बाजूनंही बोललं. बोललं की. १८३२ ला याच मार्शलनं चेरोकी आदिवासींच्या मुलखात जॉर्जिया राज्याचा कायदा चालणार नाही, असा निकाल दिला. जॉर्जियानं तो धाब्यावर बसवला. १८३८ ला सैन्यानं चेरोकींना हाकललं, हजारो वाटेत मेले. मालकाच्या बाजूचा निकाल पायानं चालतो, आपला कागदावरच बसतो.

स्कॉटचा निकाल कोर्टानं नाही पुसला. यादवी युद्धात रक्त सांडलं, मग १८६८ च्या १४ व्या दुरुस्तीनं काळ्यांना नागरिकत्व दिलं.

आपल्याकडं हा अधिकार कुणा मार्शलला हिसकावा लागला नाही. कलम १३ आणि ३२ मध्ये तो लिहूनच ठेवलाय. ३२ ला तर बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटलं. म्हणून कोर्टात जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा, भांडा. पण कोर्टाच्या भरवशावर चळवळ गुंडाळून घरी झोपू नका. तलवार लिहून मिळाली, हात कुणाचा ते लिहून मिळत नाही.

निकाल वाच, गड्या. खालची सही कुणाची, तेही वाच.