तपासणीची मजुरी

चामोर्शीहून आष्टी ओलांडून आलापल्लीच्या रस्त्याला लागले की रात्री गाडीच्या दिव्यांखेरीज दुसरा उजेड फारसा नसतो. अशा रस्त्यावर हेडलाइट मंद-प्रखर होऊ लागले, बॅटरीचा लाल दिवा मिणमिणू लागला, की चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मागच्या सीटवर गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायचा रुग्ण असेल तर पाहायलाच नको. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये उत्तर मिळते, ‘भाऊ, डायनामो गेला.’ आजच्या गाडीत डायनामो नसून अल्टरनेटर असतो, पण जुना शब्द टिकला आहे आणि त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती मीटर न लावता दिलेल्या निकालाला. सुटा भाग चंद्रपूर किंवा नागपूरहून मागवायचा, तोवर गाडी उभी, रोजी बुडालेली. नवा भाग बसतो आणि आठवडाभरात दिवे पुन्हा लपलपू लागतात.

असे का होते, हे कळायला यंत्रणा थोडी उलगडावी लागेल. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. म्हणून पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ दिसले तर ती निम्मी रिकामी आहे. इंजिन सुरू झाले की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर वीज देऊ लागतो आणि तोच आकडा साधारण १३.८ ते १४.५ वर जातो. अल्टरनेटरमध्ये तयार होणारी वीज तीन फेजची, उलटसुलट वाहणारी असते. डायोड तिला एका दिशेला वळवतात. किती वीज करायची, हे रेग्युलेटर ठरवतो.

या रेग्युलेटरचे काम आपल्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावरून समजेल. तलावात पाणी आणणाऱ्या पाटाच्या दारावर एक माणूस उभा आहे. तलावातल्या खुणेच्या पट्टीकडे पाहून तो दार वर-खाली करतो. पट्टीच चुकीच्या उंचीवर ठोकली असेल, तर माणूस कितीही इमानदार असला तरी तलाव एकतर कोरडा राहील, नाहीतर बांधावरून वाहील. रेग्युलेटरचे नेमके हेच होते. व्होल्टेज टिपणारी त्याची तार गंजली की त्याला खरे व्होल्टेज कमी भासते, तो दार आणखी उघडतो आणि बॅटरी उकळू लागते. तिच्यातले पाणी झपाट्याने उतरते, सडक्या अंड्यासारखा वास येतो. आकडा १५ च्या वर रेंगाळतो म्हणून मग रेग्युलेटर बदलला जातो आणि तार तशीच राहते.

सर्वाधिक फसवणारी जागा मात्र अर्थिंगची. इंजिन रबराच्या बैठकीवर असते, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी हाच विजेचा परतीचा रस्ता. पावसाळ्यात रपट्यावरचे पाणी, उन्हाळ्यात मुरूम आणि सुरजागडच्या खनिजाच्या ट्रकमागे उडणारी लाल धूळ, या सगळ्याने तिचा बोल्ट आतून गंजतो; वरून पट्टी शाबूत दिसते. रस्ता बंद झाला तर वीज दुसरी वाट शोधते, कधी क्लचच्या केबलमधून, कधी ॲक्सिलरेटरच्या. केबल विनाकारण तापत असेल, तर प्रत्येक मेकॅनिकने अर्थिंगवर संशय घ्यावा.

गणित सोपे आहे. ४० अँपिअर प्रवाहाच्या वाटेत एका ओहमच्या चाळिसाव्या भागाइतका अडथळा आला, तरी पूर्ण एक व्होल्ट खर्ची पडतो. इतका छोटा अडथळा साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर दिसत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या तारांचा अडथळा त्याहून मोठा असतो. म्हणून तो गाडी चालू असताना, भार टाकूनच मोजावा लागतो. हेडलाइट आणि पंखा लावा, इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर धरा, मीटर व्होल्टवर ठेवून एक तार अल्टरनेटरच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण खांबाला लावा. लक्षात घ्या, खांबाला, वरच्या पकडीला नव्हे. पुष्कळदा दोष त्या दोघांमधल्या पांढुरक्या भुकटीतच असतो. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. मग अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलपासून बॅटरीच्या धन खांबापर्यंत तेच करा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अल्टरनेटरला हात लावण्याचे कारण नाही. काचपेपर, पाना आणि थोडे ग्रीस पुरते.

या दोन्ही वाटा स्वच्छ निघाल्या तर मग पुढे जावे, आणि आधी चालकाला विचारावे की व्होल्टेज हलते तरी केव्हा. खड्ड्यात हादरा बसला की हलत असेल तर जोड ढिला आहे. गाडी तापल्यावरच घसरत असेल तर रेग्युलेटर किंवा डायोड. पावसात चिरका आवाज येऊन पडत असेल तर पट्टा सरकतो. आजचे पट्टे जुन्यांसारखे भेगाळत नाहीत, टायरसारखे झिजतात, त्यामुळे नुसत्या नजरेला फसतात. डायोडची शंका असेल तर मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर मोजावे: अर्ध्या व्होल्टहून अधिक आले तर शंका खरी. आणि गाडी उभी असताना दिवे मंदावत असतील तर जादा लावलेले दिवेही पाहावेत. शंभर वॅटचे दोन हॅलोजन जवळपास १५ अँपिअर ओढतात, आणि आयडलवर अल्टरनेटर आपल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच देतो.

काही नव्या गाड्यांत आकडा मुद्दामच हलवला जातो, हेही गॅरेजवाल्यांनी ध्यानात घ्यायला हवे. मारुतीने २०१५ मध्ये सियाझपासून आणलेल्या स्मार्ट हायब्रिड पद्धतीत पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की वीजनिर्मिती वाढते, एरवी कमी होते. अशा गाडीतले १२.८ आणि १४.८ हे दोन्ही आकडे निरोगी असू शकतात.

एक जुनी सवय मात्र तातडीने सुटली पाहिजे. इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढायचा आणि गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला म्हणायचे, ही चाचणी डायनामोच्या काळात खपून गेली. बॅटरी हा विजेचे धक्के झेलणारा भाग आहे. ती अचानक सुटली तर क्षणभर व्होल्टेज कितीतरी पटींनी उसळते आणि इंजिनाचा संगणक जळू शकतो. अल्टरनेटरहून तो कितीतरी महाग.

पंधरा मिनिटांचे हे काम होत का नाही? मेकॅनिकला अक्कल नाही म्हणून, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. या भागात तुटपुंज्या हत्यारांवर गाड्या चालत्या ठेवणारी ही माणसे कसबी आहेत. पण आपण ग्राहक पैसे देतो ते बदललेल्या भागाचे. पंधरा मिनिटे मीटर लावून ‘बोल्ट गंजला होता, घासला’ असे सांगणाऱ्याच्या हातावर आपण वीस-पन्नास रुपये टेकवतो आणि वर म्हणतो, केले तरी काय? भाग बदलणारा मात्र मजुरी आणि मालावरचा नफा दोन्ही घेऊन जातो. शोधण्याला किंमत नाही, तिथे शोधणार कोण?

चामोर्शीच्या गॅरेजवाल्यांनी एकत्र बसून तपासणीचा वेगळा दर ठरवावा, तो फलकावर लावावा आणि ग्राहकांनी तो घासाघीस न करता द्यावा. बिलावर चार आकडे लिहून मिळावेत: बंद गाडीचे व्होल्टेज, चालू गाडीचे, भार टाकल्यावरचे आणि अर्थिंगमध्ये गळालेले. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांपुढे नव्या अल्टरनेटरसोबत एक गंजलेली अर्थिंगची पट्टीही ठेवावी आणि दोष कुठे आहे ते मीटरने शोधायला सांगावे. येत्या पावसाळ्याआधी निदान रुग्ण नेणाऱ्या आणि काळीपिवळीच्या गाड्यांचे तरी हे चार आकडे कागदावर यावेत.