दप्तर, हिशेब आणि फोटो

मागे एकदा आमच्या उर्दू शाळेत एका कंपनीने दप्तरे वाटली. दप्तरे चांगली होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण साहेबांना उशीर झाला आणि पहिलीची मुले बॅनर धरून तासभर उन्हात उभी राहिली. फोटो नीट आला नाही म्हणून दिलेली दप्तरे परत घेऊन पुन्हा दिली गेली. दोन दिवसांनी सातवीतली एक मुलगी दप्तरावरच्या कंपनीच्या नावावर ओढणीचा तुकडा शिवून आली. मी तिला कारण विचारले नाही.

उघड दिलेले दान चांगलेच, पण गुपचूप गरजूच्या हाती पोचवलेले अधिक चांगले, अशी कुरआनची शिकवण आहे. दिखाव्याच्या नेकीला आपण ‘रिया’ म्हणतो. म्हणून सीएसआरचा गाजावाजा आपल्याला खटकतो. पण इथे एक गल्लत होते. सीएसआर ही खैरात नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. हे कायद्याने आलेले देणे आहे, आणि देण्याचा हिशेब लोकांसमोर यायलाच हवा.

तो कसा मांडायचा, हे मात्र समाजागणिक बदलते. मॅटन आणि मून या अभ्यासकांनी २००८ मध्ये दाखवले, की अमेरिकन कंपन्या आपली सामाजिक कामे उघडपणे मिरवतात; युरोपात कामगारांचे हक्क, आरोग्य, शिक्षण यांची जबाबदारी कायद्यात आणि रूढ व्यवस्थेतच मुरलेली असल्याने तिचा वेगळा डंका पिटला जात नसे. जपानमध्ये ओमी प्रांतातील व्यापाऱ्यांची परंपरा ‘सानपो योशी’ या नावाने ओळखली जाते: सौदा विकणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या आणि समाजाच्याही भल्याचा हवा. आपल्याकडे मात्र कायदा आला आणि त्याच्यासोबत बॅनरही आला.

उद्योगानुसारही भाषा बदलते. खाणवाले झाडे लावल्याचे सांगतात, शीतपेयवाले पाणी वाचवल्याचे. ज्याची भरपाई करायची, त्याचीच जाहिरात जास्त. म्हणून कंपनी काय सांगते यापेक्षा तिच्या मूळ धंद्यात काय चालते, ते आधी पाहावे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापलेल्या सिप्लाने २००१ मध्ये एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला देऊ केला. तेव्हा मोठ्या कंपन्यांची किंमत दहा हजार डॉलरच्या घरात होती. ही जबाबदारी थेट औषधाच्या किमतीत दिसली.

माझे म्हणणे एवढेच: हिशेब उघड असावा, घेणाऱ्याचा चेहरा झाकलेला असावा. किती रुपये, कोणत्या गावात, किती मुलांसाठी, वर्षभराने त्यातले काय टिकले, हे कंपनीने जरूर छापावे. फोटो वर्गाचा घ्यावा, बाकांचा घ्यावा. आणि आपण शिक्षकांनीही साहेबांसमोर मुलांना उन्हात उभे करायला नकार द्यावा. त्या दिवशी मी तो दिला नाही. त्या मुलीने मात्र सुई-दोरा घेऊन आपल्यापुरता दिला.