महाजाल की मायाजाल?

घरात कर्करोगाचे निदान झाले, की आप्तेष्ट आज प्रथम इंटरनेटकडे धाव घेतात. तेथे धन्वंतरी आणि भोंदू एकाच पंक्तीला बसलेले असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या रोगमुक्तीचे श्रेय हळद, कडुनिंब आदी आहारास दिले. शस्त्रक्रिया व केमोथेरपीही झाली होती, हे मागे पडले. अखेर, या दाव्यास सबळ पुरावा नाही, असे निवेदन मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी तज्ज्ञांना काढावे लागले.

मजकूर कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि कोणत्या पुराव्यावर, हे जेथे सांगितलेले नाही, तेथील सल्ला त्याज्य समजावा. महाजालावरील माहिती डॉक्टरांना प्रश्न विचारण्यापुरती घ्यावी. उपचारांविना दवडलेला काळ परत मिळत नाही.